सोंगाचे घर : वेष, संपादणी आणि ओळखीचा क्षण

पदव्युत्तर वर्गात भारूड शिकवले जाते ते बहुधा रूपकाच्या अंगाने. वासुदेव म्हणजे अमुक, जोशी म्हणजे तमुक, गारुडी म्हणजे मायेचा खेळ दाखविणारा, अशी अर्थांची एक किल्ली विद्यार्थ्याच्या हाती दिली जाते आणि त्या किल्लीने कुलूप उघडले की भारुडाचा अभ्यास संपला, असे मानले जाते. ही पद्धत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) गाथेत सुमारे तीनशे भारुडे आढळतात आणि त्यांतील पुष्कळशी कोणत्या ना कोणत्या सोंगाच्या मुखाने बोलतात. ही सोंगे नाथांनी निर्माण केलेली नाहीत. पैठणच्या दारांवर पहाटेपासून जी माणसे वेष करून येत होती, त्यांच्यापासून ती घेतलेली आहेत. आणि त्या माणसांच्या घरी वेष हा सणापुरता नव्हता, तो बारमाही होता. बाप वेष करी, मुलगा तो पाहत पाहत शिके, आणि पेटीतील वस्त्रे एका पिढीकडून दुसरीकडे जात. भारुडाच्या अभ्यासात सोंगाचा अर्थ आला, पण सोंगाचे घर आले नाही. त्या घराचा विचार केला असता भारुडाच्या वाचनात काय फरक पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'सोंग' या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत 'स्वांग' या शब्दापासून सांगितली जाते. मराठीत त्याचे दोन संसार आहेत. एकात सोंग म्हणजे लबाडी : झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, भोळेपणाचे सोंग. दुसऱ्यात सोंग म्हणजे कसब : सोंग वठवणे, सोंग रंगणे, सोंगाड्या. शिष्ट भाषेत पहिला अर्थ प्रबळ झाला. खेड्यापाड्यांतील उत्सवांत आणि तमाशाच्या बोर्डावर दुसरा टिकून राहिला. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण आपण फुशारक्या मारणाऱ्याला उद्देशून वापरतो. तीच म्हण बहुरूप्याच्या पालात उच्चारली गेली तर तिचा सूर उपरोधाचा राहत नाही. तो धंद्याचा साधा हिशेब ठरतो.

बहुरूप्याचा मराठीतील एक फार जुना आणि अर्थगर्भ उल्लेख ज्ञानेश्वरीत (शके १२१२) आहे. तिसऱ्या अध्यायात कर्मयोगाचे विवरण करताना ज्ञानदेव राजा-राणीचे सोंग घेणाऱ्या बहुरूप्यांचा दृष्टांत देतात. त्यांच्या मनात स्त्री-पुरुषभाव नसतो, तरी लोकांसाठी ते ती संपादणी तशीच पार पाडतात, असा त्याचा आशय. टीकाकारांचे लक्ष स्वाभाविकपणे दृष्टांताच्या पहिल्या अंगाकडे, म्हणजे अलिप्ततेकडे गेले. दुसरे अंग मात्र दुर्लक्षित राहिले. येथे ज्ञानदेवांनी योजलेला शब्द 'लोकसंपादणी' असा आहे. आज भारूडकार आपल्या गद्य निरूपणाला आणि अभिनयाला जो पारिभाषिक शब्द वापरतात तो 'संपादणी' हाच. सातशे वर्षांहून अधिक काळ हा शब्द वेषधाऱ्यांच्या व्यवहारात जिवंत असावा, ही गोष्ट कोशकारांपेक्षा नाट्याभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी होती. शिवाय, हा राजा आणि ही राणी एकमेकांचे कोण होते, याविषयी ओवी काही बोलत नाही. ते दोघे भाऊ असतील, बापलेक असतील, किंवा नवरा-बायकोही असतील. दृष्टांताला जोडी हवी होती आणि जोडी सहजपणे उपलब्ध होती, एवढे निश्चित म्हणता येते.

बहुरूपी, किंवा काही भागांत ज्यांना रायरंद म्हणतात ते लोक, महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या सूचीत समाविष्ट आहेत. जुनी रीत अशी की एखाद्या गावी मुक्काम टाकावा, रोज नवे सोंग घेऊन गावातून फिरावे आणि अखेरच्या दिवशी बिदागी मागावी. देवांची सोंगे, राक्षसांची सोंगे, अर्धनारीनटेश्वर, गरोदर बाई, सावकार असा मोठा पट होता. काळ पालटला तसा तो पटही पालटला. ज्याचे भय किंवा ज्याचा दरारा, त्याचे सोंग, हे सूत्र मात्र कायम राहिले. विसाव्या शतकात खाकी गणवेष हे बहुरूप्याचे सर्वांत ओळखीचे सोंग बनले. दारात फौजदार येतो, घरधन्याच्या नावाने गुरगुरतो, वॉरंट असल्याचे सांगतो. आरोप ऐकता ऐकता त्यात यमके डोकावू लागतात, गुन्ह्याचा तपशील अशक्य कोटीतला होत जातो आणि अटकेचे फर्मान बघता बघता कुणाच्या तरी अद्भुत लग्नाचे आमंत्रण बनते. घाबरलेली सून पदर तोंडाला लावून हसते आणि धान्य आणावयास आत जाते.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. वेषांतर करणाऱ्या चोराला शेवटपर्यंत ओळखू यायचे नसते. रंगमंचावरील नटाला प्रेक्षक प्रारंभापासूनच ओळखून असतो. त्याने तिकीट काढलेले असते. बहुरूपी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याला प्रथम क्षणभर ओळखू यायचे नसते आणि नंतर निश्चितपणे ओळखू यायचे असते. पहिला क्षण साधला नाही तर कला फसली. दुसरा साधला नाही तर पोट फसले. दान पडते ते या दुसऱ्या क्षणी. म्हणून त्याच्या भाषणात ओळख पटविणाऱ्या खुणा क्रमाक्रमाने पेरलेल्या असतात. यमक हे येथे अलंकार म्हणून येत नाही. 'हे खेळातले आहे' अशी ती खूण असते. खरा फौजदार यमकात बोलत नाही, हे घरातल्या लहान मुलालाही कळते. लोकसाहित्यातील निरर्थक यमकांचा विचार आपण बालगीतांच्या संदर्भात करतो. त्यांचे हे दुसरे कार्य तितकेच महत्त्वाचे मानावे लागेल.

आणि येथूनच भारुडाकडे परत येता येते. नाथांच्या भारुडातील वासुदेव किंवा जोशी बराच वेळ आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो. श्रोता त्या वेषात गुंततो, आणि अखेरीस 'एका जनार्दनी' ही मुद्रा येते. मुद्रेकडे आपण कर्तृत्वाची निशाणी म्हणून पाहतो, पाठनिश्चितीच्या कामी तिचा उपयोग करतो. परंतु प्रयोगाच्या दृष्टीने ती सोंग उतरविण्याची जागा आहे. दारात आलेला जोशी हा जोशी नसून नाथ आहेत, हे त्या दोन शब्दांनी उघड होते. बहुरूप्याच्या खेळात जे कार्य शेवटचे हसू करते, ते भारुडात मुद्रा करते. नाथांनी लोकभूमिकांची नावे, त्यांचे बोल आणि त्यांची वाद्ये उचलली, हे सर्वमान्य आहे. त्यांनी या घरांकडून ओळखीच्या क्षणाचे तंत्रही घेतले, असे म्हणावयास पुरेसा आधार भारुडांच्या रचनेतच मिळतो. भारूड केवळ रूपक म्हणून वाचले की अर्थ पहिल्या ओळीपासूनच ठाऊक असतो. मग उलगडावयाचे असे काही उरत नाही, आणि विद्यार्थ्याला भारूड कंटाळवाणे वाटते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सर्व बारमाही वेषधारी घरे एकाच जातीची नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. वासुदेवाच्या वेषात भुलवण मुळीच नाही. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, चिपळ्या, घुंगरू ही त्याची सामग्री ओळख लपविण्यासाठी नसून ओळख पटविण्यासाठी असते. त्याच्या घरी वेष हा जवळजवळ गणवेष आहे. मिळालेले दान तो देवाच्या आणि दात्याच्या पूर्वजांच्या नावे पोचते करतो आणि आपण केवळ मध्यस्थ असल्याचे दाखवितो. पिंगळा जोशी किंवा कुडमुड्या जोशी याचेही तेच. रा. चिं. ढेरे यांनी 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथात अशा उपासकवर्गाचा दैवतांशी असलेला अनुबंध उलगडला. त्या वेषाच्या आतले घर मात्र दादासाहेब मोरे यांच्या 'गबाळ' (१९८३) या आत्मकथनाने प्रथम मराठी वाचकासमोर ठेवले. 'गबाळ' हा शब्द पाठीवर वाहून नेलेल्या संसाराचा वाचक आहे. पांढरपेशा वाचक आजवर दाराच्या आतून जोश्याकडे पाहत होता. या पुस्तकात तो प्रथमच दाराच्या बाहेर, जोश्याच्या मुलाशेजारी उभा राहिला. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चर्चा आपण वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत आटोपतो. त्यांतील व्यवसायज्ञान, म्हणजे बोलण्याची, मागण्याची, वेष सांभाळण्याची शिकवण, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

घर आणि सोंग यांचे वेगळे नाते जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात दिसते. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. होळीनंतरच्या दिवसांत तेथे आणि नाशिक जिल्ह्याच्या लगतच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, वेताळ अशी मुखवट्यांची सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचविली जातात आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. मुखवटा घरात असतो, तो रंगविणे, जपणे, नाचविणे हा त्या घराचा हक्क आणि तेच त्याचे कर्तव्य. येथे प्रेक्षकाला मुखवट्यातला देव दिसतो आणि मुखवट्याखालचा शेजारीही दिसतो. दोन्ही ओळखी एकाच वेळी चालू राहतात आणि कोणतीही दुसरीला खोडून काढीत नाही. वेष वर्षातून काही रात्रींचाच, पण त्याची मालकी बारमाही. बहुरूप्याच्या घरात हे नेमके उलटे आहे : वेष रोजचा, आणि मालकीचे असे सोंग एकही नाही. कोकणातील शिमग्यात दारोदार येणारा संकासूर आणि स्त्रीवेषातील राधा यांचा विचार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी करावा लागेल.

मग स्थिर, पांढरपेशे घर वेषापासून अलिप्त आहे काय? तसे म्हणता येणार नाही. मकरसंक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरनहाणाच्या वेळी तान्ह्या मुलाला काळे वस्त्र नेसवून हलव्याचे दागिने घालतात. साखरेचा मुकुट, साखरेचा हार, साखरेची बासरी : अंगावर चढविलेले हे सोंग नंतर खाऊन टाकता येते, यात मराठी घराच्या विनोदबुद्धीचा एक नमुना आहे. डोहाळजेवणात गर्भवतीला फुलांनी मढवून कधी नावेत, कधी झोपाळ्यावर बसवितात, कधी तिच्या हाती धनुष्यबाण देतात. मंगळागौरीच्या जागरणात एखादी थोराड बाई नेसत्या लुगड्यावर टोपी चढवून नवरा होते, दुसरी सासू होते, आणि एरवी वर्षभर न उच्चारलेली वाक्ये त्या रात्री उच्चारली जातात. पुढे शाळेने यात भर घातली : आषाढीला वारकरी, गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण, १९ फेब्रुवारीला शिवराय आणि जिजाऊ. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि नऊवारी, नथ, फेटा या वेषांत सहकुटुंब रस्त्यावर येण्याची प्रथा शहरोशहरी पसरली. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांनीही ती उचलली. एखाद्या हौशी कुटुंबाचे वर्ष आज वेषांच्या पंचांगावर काढता येईल.

या हौसेला हिणविण्याचे कारण नाही. तिच्यात खरा आनंद आहे आणि तो भाड्याने वेष देणाऱ्या दुकानातून आणलेला असला तरी खोटा ठरत नाही. प्रश्न वेगळा आहे. या सोंगांत ओळखीचा क्षण नसतो. कृष्ण झालेला मुलगा कुणाचा आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असणे हीच त्या खेळाची अट आहे. सुरक्षितता ही घरातल्या सोंगाची पहिली देणगी. बहुरूप्याला ती नाही. त्याचे सोंग अनोळखी दाराशी उभे असते, आणि पाहणाऱ्याने हसावे की ओरडावे हे त्याच्या हाती नसते.

नागर रंगभूमीने या धंद्याचे नाव मात्र सन्मानाने घेतले. चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'बहुरूपी' (१९५७) हे नाव दिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे एका नटाने अनेक पात्रे रंगविण्याच्या प्रयोगाला 'बहुरूपी प्रयोग' म्हणण्याची रूढी पडली. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधील बावन्न पात्रांचे कौतुक त्याच शब्दाने झाले. नाव वर गेले, घर खालीच राहिले.

ते खाली का राहिले, याची एक नोंद त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात सापडते. महसूल खात्यातील अनुभवाच्या बळावर लिहिलेल्या या ग्रंथात फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातील दृष्टी कठोर आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पडतात, याचा हिशेब आत्रे मांडतात. त्या हिशेबात सोंग हा मागण्याचा बहाणा ठरतो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता आत्र्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. दुष्काळी मुलखात पसाभर धान्यालाही किंमत असते. परंतु त्यांच्या तागडीत धान्य मोजले गेले, हसू मोजले गेले नाही. पुढे १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने हाच बहाण्याचा विचार व्याख्येत बसविला. सार्वजनिक जागी भिक्षा घेणे हे गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे अशा मिषाने असले तरी ती भीकच, असा त्या व्याख्येचा आशय आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी कला हे सोंग आणि भीक हे सत्य. ज्ञानदेवांनी ज्या क्रियेला संपादणी म्हटले, तिला येथे मिष म्हटले गेले. भाषेच्या अभ्यासकाने या दोन शब्दांमधले अंतर मोजावयास हवे.

खाकी सोंगाच्या बाबतीत कायदा तुलनेने सूक्ष्म आहे. लोकसेवकाचा गणवेष घालणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ नुसार गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २०५ मध्ये आला; पण दोन्हीकडे कपटहेतूची अट आहे. समोरच्याने आपल्याला खरोखरीचा लोकसेवक समजावे, हा तो हेतू. बहुरूप्याचा सारा खेळ ही समजूत काही क्षणांत मोडण्यावर उभा आहे, तेव्हा कलमाच्या कसोटीला त्याची यमकेच त्याच्या बाजूची साक्ष ठरतील. अर्थात, साक्ष ऐकून घेणारा कोणी असेल तर.

ऐकून घेणारा नसला की काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर गुजराण करणारे लोक होते. ते बहुरूपी नव्हते, आणि ही घटना केवळ लोकपरंपरेच्या ऱ्हासाच्या खात्यावर टाकणे योग्य होणार नाही; मोबाइलवरून पसरलेल्या अफवा, त्या वर्षी ठिकठिकाणी झालेले तसले हल्ले, अशी कारणे तिच्यामागे आहेत. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दाराशी आलेला अनोळखी माणूस 'कोण' हे ओळखण्याची एक सांकेतिक भाषा मराठी गावांपाशी होती. टोपी पाहून वासुदेव, कुडमुडे ऐकून जोशी, डमरू ऐकून गोसावी. त्या भाषेचे व्याकरण वेषधाऱ्याच्या घरी जितके शिकविले जाई तितकेच ते दान देणाऱ्या घरीही शिकविले जाई, आजीच्या हातून पोरीच्या सुपात धान्य पडताना. ज्ञानदेवांच्या शब्दातील 'लोक' हे पूर्वपद नुसते बघे म्हणून आलेले नाही. संपादणीचा अर्धा भाग त्यांनी करावयाचा असतो. मुलाला कृष्णाचा वेष चढविणाऱ्या आणि पाडव्याला फेटे बांधणाऱ्या घरांनी आपला तो अर्धा भाग केव्हा सोडून दिला, याचा शोध साहित्याच्या अभ्यासाबाहेरचा समजला जातो. परंतु तो भाग सुटला की भारुडाच्या संहितेतील निम्मा संकेत मुका होतो, आणि तेव्हा हा प्रश्न साहित्याचाच बनतो.

संशोधनाच्या दृष्टीने काम ज्या घरांत करावयाचे, त्या घरांची आजची अवस्था एका तपशिलाने स्पष्ट होते. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव दिनांकाची तारीख धरली जाते; त्या तारखेला किंवा तत्पूर्वी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, याचा पुरावा मागितला जातो. बहुरूप्याच्या नातवाला कॉलेजात सवलत हवी असेल तर आजोबा १९६१ साली कोणत्या एका गावी राहत होते, ते कागदावर दाखवावे लागते. आजोबा त्या वर्षी गावोगावच्या वेशीवर पाल टाकीत होते आणि रोज एक वेगळा माणूस होऊन फिरत होते. त्यांच्या पेटीत मुकुट, दाढी, खाकी टोपी मिळेल; सातबारा मिळणार नाही.